गुरुवारची टेप

डॉमिनी गेरिट ओल्थॉफ (आम्ही डच लोक पाळकाला डॉमिनी म्हणतो) आमच्या वेस्टरवेलच्या चर्चच्या मंडळीत पाळक म्हणून आले तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. चर्चच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागून मला दोन वर्षं झाली होती. ते वारले तेव्हा मी पंचावन्नची होते. मधली चोवीस वर्षं त्यांच्या खोलीला लागून असलेल्या खोलीत, एका पातळ भिंतीपलीकडे बसून मी त्यांची पत्रं टाइप केली. त्यामुळे त्यांच्याबद्दल बोलायचा मला हक्क आहे असं मी धरून चालते. शिवाय जे घडलं त्यात माझाही हात होता. तो लपवून त्यांचं सांगत बसले तर ते खोटंच ठरेल.

माणूस उंच, हाडापेराने मोठा, शेतकऱ्याच्या घरचा. डाव्या कानाची पाळी अर्धी नव्हती. ती गेली त्याची गोष्ट आयोवाच्या आमच्या त्या कोपऱ्यात शाळकरी पोरांनाही माहीत होती. ते आले त्याच्या दुसऱ्याच हिवाळ्यात तीन दिवसांचं हिमवादळ झालं. रस्ते बंद, फोन बंद. गावाबाहेरच्या शेतावर म्हाताऱ्या मिसेस टे स्ला शेवटच्या घटका मोजत होत्या. डॉमिनी कुंपणाच्या तारेवर हात ठेवून, तार सोडायची नाही एवढंच ठरवून, दोन मैल चालत गेले आणि त्या जाईपर्यंत त्यांच्या उशाशी बसून राहिले. त्या थंडीत कान गोठला आणि पाळी गेली. अशा माणसाबद्दल कोणी वेडंवाकडं बोललं असतं तर गावाने त्यालाच वेड्यात काढलं असतं.

मंडळी वाढली तसा त्यांच्या हाताखाली एक सहपाळक ठेवायचं ठरलं. चोवीस वर्षांत असे चार आले. सकाळचा उपदेश डॉमिनींचा, संध्याकाळचा सहपाळकाचा, अशी वाटणी होती. आणि दर गुरुवारी सकाळी दहाला डॉमिनी त्याला खोलीत बोलवून रविवारचा उपदेश उसवायला घेत. दार बंद, बारापर्यंत. पाळक असाच तयार होतो अशी त्यांची खात्री होती. ते स्वतः तरुणपणी मिशिगनमध्ये एका म्हाताऱ्या डॉमिनीच्या हाताखाली होते. तो त्यांना सोमवारी रिकाम्या चर्चमध्ये उपदेश करायला लावायचा आणि शेवटच्या बाकावर बसून कंटाळा आला की काठी आपटायचा. ते हे हसत सांगत. "आणि बघ, मी काही मेलो नाही," हे शेवटचं वाक्य ठरलेलं.

पहिला सहपाळक मार्विन डी बूर. दोन वर्षांत गेला आणि पाळकाचं कामच सोडून मिशिगनमध्ये शाळेत गणित शिकवायला लागला. दुसरा लायल विस्सिंक. तीन वर्षं टिकला, मग साउथ डकोटात त्याला स्वतःची मंडळी मिळाली. मार्विन गेला तेव्हा डॉमिनी वडीलमंडळाला, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या ज्येष्ठ सभासदांना, म्हणाले की त्याच्यात कणा नव्हता. त्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

तिसरा डॅरेल हायटब्रिंक.

डॅरेल सत्तावीस वर्षांचा. जवळच्याच गावचा, डुकरं पाळणाऱ्या घरातला. बोलताना जरा अडखळायचा, फार नाही, वाक्याच्या सुरुवातीला. त्याची बायको लोइस नर्सिंग होममध्ये कामाला होती. म्हाताऱ्यांना तो फार आवडायचा, कारण त्याला ऐकून घ्यायची घाई नसायची. लहान मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घ्यायचा तेव्हा आतून हसण्याचे आवाज यायचे, आणि त्या वर्गातून असे आवाज मी त्याआधी कधी ऐकले नव्हते. उपदेश मात्र साधे, पंधरा मिनिटांत संपणारे. त्याला ते सुधारायचे होते. दुसऱ्या की तिसऱ्या गुरुवारी तो एक लहान टेपरेकॉर्डर घेऊन आला आणि चालेल का म्हणून विचारलं. लिहून घेताना अर्धं सुटतं, म्हणाला. डॉमिनी खूश झाले. मला म्हणाले, खरंच शिकायचंय असा हा पहिलाच.

दीड वर्षाने, फेब्रुवारीतल्या एका रविवारी, डॅरेल संध्याकाळच्या उपासनेला व्यासपीठावर उभा राहिला. शास्त्रवाचन नीट झालं. मग त्याने पहिलं वाक्य सुरू केलं. थांबला. परत सुरू केलं. परत थांबला. तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. उपदेश सुरू झाला की आमच्या बाकांवर पेपरमिंटच्या गोळ्यांचे कागद कुरकुरतात, तेही थांबले. तो किती वेळ तसा उभा होता कोण जाणे. मग त्याने पुस्तक मिटलं, बाजूच्या पायऱ्या उतरला आणि दाराबाहेर गेला. अंगात कोट नव्हता. हार्व डायक्स्ट्रा, वडीलमंडळातले, त्याच्या मागे गेले. चर्चच्या मागच्या भिंतीला दोन्ही तळवे टेकून तो बर्फात उभा होता आणि हार्वनी काहीही विचारलं तरी नुसता बघत होता.

त्याचं बोलणं बंद झालं. अकरा आठवडे त्याला सरकारी मनोरुग्णालयात ठेवलं.

सोमवारी डॉमिनींनी आमच्या सगळ्या मंडळ्यांच्या मुख्य कार्यालयाला पाठवायचं पत्र मला तोंडी सांगितलं. त्यात "मूळचीच नाजूक प्रकृती" असे शब्द होते. मी ते टाइप केले आणि मला ते अगदी बरोबर वाटले.

मे महिन्यात लोइस ऑफिसात आली. कामाचा पांढरा ड्रेस तसाच अंगावर, हातात बुटांचा खोका. डॉमिनी खोलीत होते, दार उघडं होतं. बस म्हटलं तरी ती बसली नाही.

"यात एकोणीस टेपा आहेत," ती म्हणाली. "सगळ्या नका ऐकू. एकच ऐका. कुठलीही काढा."

डॉमिनींनी तिला अगदी मऊपणे विचारलं की डॅरेल कसा आहे.

"भांडायला आले नाहीये, डॉमिनी. डॅरेल या घरी आणून ऐकायचा. जेवताना, दाढी करताना. बंद कर म्हटलं तर म्हणायचा, यात माझ्या चुका आहेत, त्या मला पाठ व्हायला हव्यात."

डॉमिनींनी खोक्यातून एक टेप काढली. मग मला हाक मारली. "ट्रेना, तूही बस इथे. साक्षीला कोणी असलेलं बरं." त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. ती टेप आपल्याच बाजूने बोलेल असं त्यांना वाटत होतं, हे मी शपथेवर सांगते. मलाही तसंच वाटत होतं. भिंतीतून मला इतकी वर्षं आवाज ऐकू यायचा, पण भिंत शब्द खाते. मला ते नेहमी धीराने समजावून सांगतायत असंच वाटत आलं होतं.

खोक्यातच डॅरेलचा टेपरेकॉर्डर होता, त्यावर त्यांनी ती लावली. टेपमध्येही आवाज चढलेला नव्हता. उलट माया केल्यासारखा, सावकाश.

"परत म्हण."

डॅरेल वाक्य म्हणतो. अडखळतो.

"परत. ... तू अडखळतोस तेव्हा लोकांना लाज वाटते, हे तुला कळतं का?"

"हो, डॉमिनी."

"मी म्हणतो म्हणून हो म्हणू नकोस. काय कळतं?"

"की लोकांना लाज वाटते."

"कोणाची?"

"माझी."

"हं. आता परत म्हण."

हे बराच वेळ चाललं. मधेच दार उघडल्याचा आवाज, कपबश्यांचा आवाज. साडेदहाला कॉफी नेणं माझं काम होतं. डॉमिनींचा आवाज म्हणाला, "ही बघ, ट्रेना आली. तू होतीस ना रविवारी? कसं वाटलं तुला? खरं सांग."

आणि माझा आवाज म्हणाला, "मला कसलं वाटायला वेळ? मी मनातल्या मनात त्याची वाक्यं पुरी करत बसले होते."

मग मी हसले. डॉमिनी हसले. आणि जरा वेळाने तिसरं हसू ऐकू आलं. डॅरेलही हसला होता.

मला यातलं काहीही आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. मी ते म्हणाले आणि रिकामा ट्रे घेऊन परत येऊन टाइप करायला बसले असणार.

डॉमिनींनी टेप थांबवली, थोडी मागे घेतली, तेवढाच भाग परत ऐकला. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हा मी आहे?" त्यांनी विचारलं. लोइसला नाही, मला.

"हो," मी म्हणाले. "आणि ती मी आहे." पण ते त्यांनी ऐकलं नाही.

लोइस म्हणाली, "आता तुम्हाला काय बोलायचं ते बोला."

ते म्हणाले, "मला त्याला घडवायचं होतं."

"तो घडलेलाच होता, डॉमिनी," लोइस म्हणाली. ती टेप तिथेच ठेवून तिने खोका उचलला आणि कामावर गेली.

त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी आलिडाला, आपल्या बायकोला, विचारलं की मी असा बोलतो का. हे आलिडाने मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. ती बटाटे सोलत होती. ती म्हणाली, "घरी आवाज जरा कमी असतो, इतकंच." तिला वाटलं आता ते चिडतील. पण ते गॅरेजमध्ये जाऊन गाडीत बसून राहिले. गाडी सुरू न करताच.

त्या उन्हाळ्यात रजा घेऊन ते आधी मिशिगनला मार्विनकडे गेले. मार्विनने जाळीचं दार उघडलं नाही. आतूनच विचारलं, "तुम्हाला माफी हवीय की माहिती?" डॉमिनी म्हणाले, माहिती. मग लिहून पाठवतो, असं म्हणून मार्विन आत गेला. महिन्याभराने पत्र आलं. माझ्याच हातून उघडलं गेलं, सगळं टपाल मीच उघडायचे. एकच ओळ होती. तुमच्यानंतर सहा वर्षं मला कोणासमोरही मोठ्याने प्रार्थना करता आली नाही, माझ्या मुलांसमोरही नाही.

साउथ डकोटात मात्र लायलने त्यांचं थाटात स्वागत केलं. जेवायला हॅम, वर बदामाची पेस्ट्री. तो म्हणाला, माफी कसली मागता, मला पाळक केलंत ते तुम्हीच. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉमिनी त्याच्या चर्चच्या ऑफिसात पेपर वाचत बसले होते. आत लायल आपल्या नव्या सहपाळकाला घेऊन बसला होता. दार नीट लागलं नव्हतं. आतून आवाज आला, सावकाश, मायेचा: परत म्हण.

परत आल्यावर ते माझ्या टेबलाशी उभे राहून हे सांगत होते. "तो माझ्यापेक्षा चांगला करतो, ट्रेना," ते म्हणाले. "माझं एकही वाक्य विसरलेला नाही."

मी विचारलं, तुम्ही त्याला काही बोलला नाहीत? बोललो, म्हणाले. लायल हसला. डॉमिनी, तुम्ही म्हातारे झालात, म्हणाला, आणि त्यांच्या पाठीवर थाप मारली.

मग त्यांनी ठरवलं की मंडळीसमोर उभं राहून सगळं सांगायचं. वडीलमंडळाला ते पसंत नव्हतं. हार्व डायक्स्ट्रा म्हणाले, त्या पोराची तब्येतच तशी होती, लोकांना उगाच कशाला गोंधळात टाकता? तरी सप्टेंबरमधल्या एका रविवारी ते उपदेश बाजूला ठेवून बोलले. नाव घेतलं नाही, पण सगळ्यांना कळलं. मी माझ्या हाताखालच्या माणसांना मोडलं आणि त्याला शिकवणं म्हटलं, असं ते म्हणाले. उपासना संपल्यावर लोक दारात रांग लावून त्यांचा हात हातात घेत होते. काय ही नम्रता, म्हणत होते. एका बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. लोकांना तोही एक उपदेशच वाटला, आणि आजवरचा सगळ्यात चांगला. नंतर ते ऑफिसात येऊन खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "ऐकायला कोणी तयारच नाही." माझ्या मनात आलं की इतकी वर्षं लोकांना तुमचं कौतुकाने ऐकायला तुम्हीच शिकवलंत, तुमच्याविरुद्धचं ऐकायला नाही.

डॉमिनींना डॅरेलला मात्र भेटता आलं नाही. लोइसने निरोप पाठवला, येऊ नका. ते दर महिन्याला पत्र लिहीत. उत्तर कधी आलं नाही.

मला कोणी नको म्हटलं नव्हतं, म्हणून ऑक्टोबरात मी गेले. डॅरेल आता एका हॅचरीत कामाला होता. लांब पट्ट्यावरून कोंबडीची एका दिवसाची पिल्लं येत होती आणि तो ती उचलून शंभर-शंभरच्या खोक्यांत ठेवत होता. आत उबट वास, इतका कलकलाट की जवळ जाऊन बोलावं लागलं. मी टेपचं सांगितलं. मी हसले होते आणि मला ते आठवतही नाही, हे सांगितलं. माझी चूक झाली, म्हणाले.

त्याने हात थांबवले नाहीत. बोलणं आता आलं होतं, पण प्रत्येक शब्दाआधी तो जागा तपासून पाहिल्यासारखा थांबायचा.

"तुम्ही दर आठवड्याला हसायचात, मिसेस काइपर."

त्याने भरलेलं खोकं बाजूला सरकवलं.

"मी कॉफीची वाट बघायचो. तुम्ही हसलात की ते थोडा वेळ थांबायचे."

रडले असते तर ते त्याच्याच अंगावर टाकल्यासारखं झालं असतं.

"एकच टेप ऐकलीत?" त्याने विचारलं.

"एकच."

"बऱ्याच आहेत," तो म्हणाला आणि पुढचं खोकं ओढलं.

चौथा सहपाळक आला तो फिलिप टेन नापेल. तो येण्याआधी डॉमिनींनी मला बोलावून सांगितलं की यापुढे गुरुवारी मी खोलीत बसायचं, कॉफी ठेवून बाहेर जायचं नाही, आणि त्यांचा तो आवाज लागला की थांबवायचं. मी म्हणाले, डॉमिनी, मी टायपिस्ट आहे. ते म्हणाले, "म्हणूनच. तो आवाज तुला माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे. मला तो आतून ऐकूच येत नाही."

पहिलं वर्ष विचित्र गेलं. ते फिलिपला प्रश्न विचारायचे. तुला स्वतःला कसं वाटलं, कुठे अडलास, मी काय मदत करू? प्रश्न कागदावर लिहून आणलेले असायचे आणि ते वाचताना त्यांची मान ताठ असायची, परक्या भाषेतलं काहीतरी वाचल्यासारखी. जमत नव्हतं त्यांना. पण करत होते. फिलिपला मागचं काही माहीत नव्हतं, त्याला वाटायचं म्हातारा जरा संथ आहे.

दुसऱ्या हिवाळ्यात फिलिपचा एक उपदेश खरोखरच वाईट झाला. तयारीच केली नव्हती त्याने. त्या गुरुवारी डॉमिनी कागद न बघता बोलायला लागले आणि आवाज खाली खाली येत गेला. "परत म्हण," ते म्हणाले. फिलिप हसून म्हणाला, काय परत म्हणू? "पहिलं वाक्य. परत म्हण." इतक्या वर्षांची सवय अशी जात नाही. फिलिपने दोनदा म्हणून झालं तेव्हा कुठे माझ्या तोंडून निघालं, "डॉमिनी, पुरे."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, द्वेष होता. मला तो शब्द जपून वापरायचा असतो, पण दुसरा नाही. मग त्यांनी फिलिपला घरी जा म्हटलं. चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. सोमवारी येऊन टेबलावर टपाल ठेवलं आणि म्हणाले, "परत झालं तर परत सांग."

परत झालं. त्यानंतर तीनदा. दोनदा मी थांबवलं. एकदा थांबवलं नाही. त्या दिवशी माझी पाठ दुखत होती, घरी जायचं होतं, आणि आज ती नजर नको असं वाटलं. इतकंच कारण. फिलिप त्या दिवशी बाहेर पडला तेव्हा त्याचे कान लाल होते आणि तो माझ्याकडे न बघता गेला.

डॉमिनी ऑगस्टमध्ये गेले. बागेतली मक्याची कणसं नर्सिंग होमला द्यायला गाडीत भरत होते, तिथेच हृदय बंद पडलं. दफनविधीला चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती. तिघांनी हिमवादळाची आणि कानाची गोष्ट सांगितली. ती खरीच होती. मार्विन आला नाही. लायल आला, फार छान बोलला. लोइस शेवटच्या बाकावर बसली होती, कामाचा कोट घालून, आणि खाली तळघरात हॅम-बन आणि कॉफी लागायच्या आत निघून गेली. डॅरेल अजून हॅचरीतच आहे.

शवपेटीपाशी उभी राहून मी त्यांच्याकडे पाहिलं. मला ते आवडत होते. ते स्वतःला बघायला निघाले आणि जे दिसलं त्याच्यापासून पळाले नाहीत, हेही मी पाहिलं होतं. पण त्याने डॅरेलचं एक वाक्यही परत आलं नाही. या दोन गोष्टी मला एकत्र ठेवता येत नाहीत.

जानेवारीत नवे पाळक आले, रोजर स्टीनव्हाइक. चाळिशीचे, हसतमुख, चटपटीत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं की आधीचे डॉमिनी कसे होते. मी आधी कुंपणाची तार सांगितली. मग बाकीचं सांगायला घेतलं. टेपपर्यंत आले तेव्हा त्यांनी मान हलवली. "असतात अशी माणसं," ते म्हणाले आणि घड्याळाकडे बघून झेरॉक्सच्या खोलीची किल्ली मागितली.

मी किल्ली दिली. ते दारापर्यंत गेले.

"अजून संपलेलं नाही," मी म्हणाले. "तुम्ही बसा."

त्यांना ते आवडलं नाही हे दिसत होतं. पण ते परत येऊन बसले, आणि मी त्यांना माझं हसणं सांगितलं.